वाघाने तोडलेला भाला

स्तंभ : वस्तुवाचन

कातो कियोमासा हा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याचा मातब्बर सरदार. १५९२ साली सुरू झालेल्या कोरियाच्या स्वारीत त्याने वाघ मारला आणि त्या झटापटीत वाघाने त्याच्या भाल्याचा एक फाटा चावून तोडला, असं जपानमध्ये पिढ्यानपिढ्या सांगतात. त्याचा म्हणून ओळखला जाणारा भाला तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मधलं पातं सरळ, एका अंगाला आडवा फाटा, दुसऱ्या अंगाला तोच, पण आखूड. गोष्ट ऐकून आलेल्याला तिथे वाघाचे दात दिसतात. जाणकार म्हणतात, भाला तुटलेला नाहीच. घडवणाऱ्याने तो असाच घडवला.

भाल्याला जपानीत ‘यारी’ म्हणतात आणि या घडणीला ‘काताकामा यारी’. कामा म्हणजे विळा, काता म्हणजे जोडीतलं एक. आपण ‘एकविळी भाला’ म्हणू. दोन्ही फाटे सारखे असले तर तो ‘जूमोंजी’, म्हणजे ‘दहा’ या अक्षराच्या आकाराचा. ते अक्षर आपल्या अधिकच्या चिन्हासारखं दिसतं. नारा शहरातल्या होझोइन या मठाचा भिक्षू इनेई याने सोळाव्या शतकात अशाच भाल्याची स्वतंत्र विद्या उभी केली. पात्याच्या बुडाशी पोकळ खोबण असेल आणि दांडा तिच्यात बसत असेल, तर तो ‘फुकुरो यारी’, पिशवीवाला. एकाच बाजूला धार असलेलं सुऱ्यासारखं पातं दांड्यावर चढवलं, तर तो ‘किकुची यारी’. किकुची हे क्यूशूमधलं घराणं. या नावांमध्ये गूढ काही नाही. बघितलं ते सांगितलं, एवढंच.

म्हणून अनोळखी भाला हातात आला की आधी बघावं, नाव मागाहून. पात्याचा छेद त्रिकोणी आहे की चौकटच्या आकाराचा? पातं दांड्यात शिरतं की दांडा पात्यात? पातं दांड्यात शिरत असेल तर तिथे लपणारी शेपटी, म्हणजे ‘नाकागो’, केवढी? यारीत ती कित्येकदा पात्याहून लांब असते. तिच्यावर खिळीचं भोक, कारागिराची सही आणि काळपट गंज असतो. सहीवर लगेच भाळू नये. नामांकित कारागिरांच्या खोट्या सह्या जपानमध्ये शतकानुशतकं कोरल्या गेल्या आहेत. गंज मात्र वय सांगतो. आणि फाटा तुटलाय की मुळातच आखूड, हे धारेला दिलेलं पाणी सांगतं. पाण्याची रेघ टोकाला वळसा घालून गेली असेल तर काम मुळातलं. ती कडेला येऊन मध्येच तुटली असेल, तर पुढचं पोलाद गेलं. मग ते वाघाने नेलं असो की कानशीने.

बाजाराला एवढा धीर नसतो. ओळखीत न बसणारी वस्तू दिसली की तिला ‘निंजाचा भाला’ म्हणून मोकळं व्हायचं, किंमत आपोआप चढते. माझा आक्षेप इथेच आहे. चुकीचं नाव एकदा चिकटलं की पुढचा माणूस वस्तू बघतच नाही, नाव बघतो. आपल्याकडच्या विट्याचंच घ्या. फेकून परत ओढता यावा म्हणून मराठी स्वार त्याला दोरी बांधत. दोरी कुजून गेलेला विटा कुणी ‘भाला’ म्हणून नोंदवला, तर शब्द फारसा चुकत नाही. पण ती फेक आणि ती ओढ नोंदीतून कायमची पुसली जाते.

जपानी पारखी एक खेळ खेळतात, ‘कान्तेई’. शेपटी झाकून नुसतं पातं पुढ्यात ठेवायचं आणि घडण, पोलाद, पाणी बघून कारागीर ओळखायचा. सही शेवटी उघडते. नावाआधी नजर, ही शिस्त त्या खेळात मुरलेली आहे. ‘एकविळी, दांड्यात शिरणारा, सही नाही’ एवढीच नोंद करून थांबणारा मला म्हणूनच भारी नाव ठोकून देणाऱ्यापेक्षा मोठा जाणकार वाटतो.

जपानच्या तीन नामांकित भाल्यांपैकी ‘ओतेगिने’ १९४५ च्या तोक्योवरच्या बाँबहल्ल्यात जळाला. आज त्याचं नाव आहे, प्रतिकृती आहेत, पण तो भाला नाही. माळ्यावर सापडणाऱ्या भाल्याचं उलटं असतं: तो आहे, नाव गेलेलं. ही परिस्थिती पुष्कळ बरी. फक्त सणाला समई चिंचेने घासतो तशी त्याची शेपटी घासू नका. हरवलेलं नाव कधीतरी सापडेल. घासून काढलेला गंज परत येणार नाही.

– वस्तुवाचक