पार्सल गावात आलं, पण विकणारा कुठाय? ऑनलाइन खरेदीचा कायदा आणि त्यातली फट

गेल्या पावसाळ्यात आमच्या चुलत भावाने मोबाइलवरून बॅटरीचा फवारणी पंप मागवला. तालुक्याच्या दुकानापेक्षा साडेतीनशे रुपयांनी स्वस्त होता. चौथ्या दिवशी डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन आला, "दादा, गावात यायला रस्ता नाय, फाट्यावरच्या टपरीत ठेवतो. ओटीपी तेवढा सांगा." भावाने ओटीपी सांगितला. संध्याकाळी डेअरीला दूध घालून येताना तो खोकं घेऊन आला. दोन टाक्या मारल्या, तिसरीला पंप बंद. ॲपवर परत करायला गेलो तर 'तुमच्या पिनकोडवर माल परत नेण्याची सोय नाही.' स्वतःच्या खर्चाने कुरियर करा म्हणे, आणि तेही परराज्यात. कंपनीला फोन लावला तर उत्तर ठरलेलं: "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत सर, माल विक्रेत्याचा आहे."

हे उत्तर ऐकून राग येतो, पण ती थाप नाही. त्यामागे सरकारचंच धोरण आहे. परदेशी भांडवल असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला आपल्याकडे सर्वसाधारणपणे स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिने फक्त बाजार भरवायचा, विकणारे वेगळे असायचे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने हे नियम आणखी आवळले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते लागू झाले. मोठ्या कंपन्यांनी स्वतःचाच माल स्वस्तात ओतून किराणावाल्याला मारू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे पैसे घेणारा एक आणि माल विकणारा दुसरा असं झालं, आणि गिऱ्हाईक दोघांच्या मध्ये सापडलं.

कंपन्या म्हणतात, आठवडी बाजारासारखंच आहे हे. ग्रामपंचायत जागेची पावती फाडते, वांगी किडकी निघाली तर सरपंचाला कोणी धरत नाही. बरोबर, पण बाजारातला वांगीवाला पुढच्या सोमवारी त्याच जागेवर बसलेला असतो. शिवाय ग्रामपंचायत प्रत्येक किलोमागे कमिशन घेत नाही, कोणाचा माल पुढे दिसावा हे ठरवत नाही, पैसेही आपल्या खात्यात जमा करून घेत नाही. ॲप हे सगळं करतं.

कायद्याने या बाबतीत काहीच केलं नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि लगेच तीन दिवसांनी ई-कॉमर्सचे नियम आले. या नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता ॲपवर दाखवावा लागतो. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला वा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. पिनकोडचं कारण या नियमात कुठेही नाही.

आपल्यासाठी सगळ्यात मोठा बदल मात्र वेगळाच आहे, आणि गावात तो फार थोड्यांना माहीत आहे. जुन्या १९८६ च्या कायद्यात समोरची कंपनी जिथे, किंवा व्यवहार जिथे घडला, तिथे तक्रार करावी लागे. मग ऑनलाइन व्यवहार घडला कुठे, यावरच वाद. आता तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. ॲपवरची 'सात दिवसांत परत करा' ही मुदत संपली म्हणून हा हक्क संपत नाही. निकाल लवकर लागतोच असं मात्र नाही. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा पडतात.

शेतकऱ्याला हमखास एक गोष्ट ऐकवली जाते: "पंप तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही." हे खरं नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायची वस्तू घेणारा ग्राहकच असतो, असं कायद्यातच आहे. बियाणं विकत घेणारा शेतकरीसुद्धा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं.

मग फट कुठे आहे? विक्रेता पळाला किंवा हात वर केले तर कंपनीने भरपाई द्यावी का, हा खरा प्रश्न आहे. जून २०२१ मध्ये केंद्राने नियमदुरुस्तीचा मसुदा काढला. विक्रेत्याने काम नीट केलं नाही आणि ग्राहकाचं नुकसान झालं तर जबाबदारी प्लॅटफॉर्मवर येईल, अशी तरतूद त्यात होती. कंपन्यांनी विरोध केला आणि मसुदा मसुदाच राहिला. करता येतच नाही, असं म्हणायला जागा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कीटकनाशकं ऑनलाइन विकायला परवानगी देताना विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी सरकारने ई-कॉमर्स कंपनीवरच टाकली. जे औषधाला जमलं ते पंपाला का जमू नये?

याला दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्सवर माल विकता येतो. आपल्याकडचे बचत गट चटणी, पापड, शेवया त्यामुळे विकू शकतात. उद्या प्लॅटफॉर्मवर सगळी जबाबदारी टाकली तर कंपन्या पहिला बडगा याच गटांवर उगारतील, अनामत मागतील, पैसे महिनाभर अडकवून ठेवतील. म्हणून ही जबाबदारी रकमेच्या आणि विक्रेत्याच्या आकाराप्रमाणे ठरवावी, असं मला वाटतं. पण ती ठरवावीच लागेल.

इन्स्टाग्राम-फेसबुकवरच्या '९९९ मध्ये तीन साड्या' वाल्यांची गोष्ट तर याहून अवघड. नियम त्यांनाही लागू आहेत, पण नोटीस धाडायला नाव-पत्ताच नसतो. तिथे पैसे दिले ते गेलेच समजा.

भावाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नडला तो ओटीपी. ओटीपी दिला की माल हातात मिळाला, असं कंपनीच्या दफ्तरी नोंदलं जातं. खोकं टपरीत चार तास पडून होतं, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यात वहिनींनी खोकं चुलीत घातलेलं, म्हणजे बिल गेलं आणि पत्त्याची चिठ्ठीही गेली. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढलेला नव्हता. नशीब की ॲपवरचं ऑर्डरचं पान, विक्रेत्याचं नाव आणि 'पिनकोडवर सोय नाही' हा मेसेज यांचे स्क्रीनशॉट पोराने काढून ठेवले होते. त्यातही एक घोटाळा होता होता वाचला. पोराने गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला तर पहिलाच नंबर भामट्याचा निघाला, 'रिफंड देतो, हे ॲप टाका' म्हणणारा. त्याने फोन ठेवला म्हणून खातं शाबूत राहिलं. असे पैसे गेलेच तर १९३० ला तात्काळ फोन करायचा असतो.

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे धाडते, पण तिच्यामुळे कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागलं. तीन आठवड्यांनी पैसे खात्यात आले. पंप न्यायला अजून कोणी आलेलं नाही, तो गोठ्यात टांगलेला आहे. फवारणी मात्र शेजाऱ्याचा पंप भाड्याने आणून उरकली, तोवर किडीने निम्मी भेंडी खाल्ली होती.