‘महाराष्ट्राचा गॉर्की’: या उपाधीवर माझी हरकत

थ्रेड लांब आहे. सवडीने वाचा, आणि मतभेद असेल तर शेवटपर्यंत वाचून मग भांडा.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या शासकीय ग्रंथालयात अण्णा भाऊ साठे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. वाटेगावच्या मातंग वस्तीत जन्मलेल्या लेखकाचा पुतळा मॉस्कोत! आनंद मलाही झाला. पण त्याबरोबर ‘महाराष्ट्राचा गॉर्की’ ही जुनी उपाधी पुन्हा झळकू लागली. दर १ ऑगस्टला आमच्या इचलकरंजीतील जयंतीच्या फलकांवरही ती असते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच विचारायचे आहे: कोणता गॉर्की? कारण गॉर्कीची आयुष्ये दोन आहेत.

पहिले आयुष्य आधी पाहू. अलेक्सेय पेश्कोव्हचा जन्म १८६८ सालचा, व्होल्गाकाठच्या निझ्नी नोवगोरोद शहरातला. वडील कॉलऱ्याने गेले तेव्हा मुलगा जेमतेम तीन वर्षांचा. पुढे तो आजोळी वाढला. आजोबा काशिरिन तरुणपणी व्होल्गात दोरखंडाने नावा ओढत असत; नंतर त्यांनी कापड रंगवण्याचा कारखाना काढला. (इचलकरंजीकराला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. रंगाची पिंपे, वाफ, कामगारांचे डागाळलेले हात आणि घरातल्या घरात वाटणीवरून पेटलेली भांडणे आम्ही पाहत आलो आहोत.) आजोबा फटके देत, आजी लोककथा सांगे. शाळा काही महिन्यांचीच. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास आजोबांनी त्याला स्वतःचे पोट स्वतः भरायला बाहेर धाडले. चपलांच्या दुकानात पोऱ्या, व्होल्गेवरच्या आगबोटीत भांडी घासणारा, मूर्तिचित्रे रंगवणाऱ्यांच्या कारखान्यात उमेदवार, कझानमध्ये बेकरीत कणीक मळणारा, ही त्याची शिक्षणाची ठिकाणे. आगबोटीवरच्या स्मुरी नावाच्या आचाऱ्याने त्याला पुस्तकांची गोडी लावली. १८८७ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि तो वाचला. मग पायी रशिया पालथा घातला. १८९२ मध्ये तिफ्लिसच्या एका वृत्तपत्रात पहिली कथा छापून आली आणि तिच्याखाली नवे नाव होते: मक्सीम गॉर्की. ‘गॉर्की’ म्हणजे कडू.

आता वाटेगाव. इचलकरंजीहून गाडीने साधारण दीड तास. तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. त्यांची जात त्या काळी सरकारदरबारी गुन्हेगार म्हणून नोंदलेली. शाळा दीड दिवसाची. अकरा-बारा वर्षांचा असताना हा मुलगा घरच्यांबरोबर पायी मुंबईला निघाला. हमाली केली, गिरणीत राबला. अक्षरओळख दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून वाढवली. पुढे लाल बावटा हाती आला. १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला; अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. १९४९ मध्ये ‘इप्टा’चे अखिल भारतीय अध्यक्षपद भूषवले.

इथवर तुलना चपखल बसते, हे मान्य. दोघांनाही शाळेने शिकवले नाही, दोघांनीही मजुरी केली, आणि दोघांनीही आपल्या माणसांना साहित्याच्या अंगणात मानाने आणून बसवले. अण्णा भाऊंना स्वतःलाही गॉर्कीविषयी मोठा आदर होता. गॉर्कीचे भारताशी नाते तसेही जुने आहे. १९०२ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने रंगवलेल्या त्याच्या ‘तळ’ या नाटकाच्या प्रेरणेतून चेतन आनंद यांनी १९४६ मध्ये ‘नीचा नगर’ काढला. ‘आई’ ही कादंबरी तर आपल्या कामगार चळवळीत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरत राहिली.

माझी अडचण पुढे सुरू होते.

गॉर्कीचे दुसरे आयुष्य फलकांवर येत नाही. १९१७-१८ मध्ये या माणसाने आपल्या ‘नोवाया झिझ्न’ पत्रातून थेट लेनिनवर टीका केली. जुलै १९१८ मध्ये ते पत्र बंद पाडण्यात आले. उपासमारीच्या त्या वर्षांत त्याने कितीतरी लेखक-संशोधकांना शिधा मिळवून दिला, काहींना तुरुंगातून सोडवले. १९२१ मध्ये तो देशाबाहेर गेला. तिथेच थांबला असता तर त्याचे चरित्र सरळ झाले असते. पण तो परतला. जून १९२९ मध्ये त्याला सोलोव्हकी बेटांवरची कैद्यांची छावणी दाखवण्यात आली आणि त्याने तिच्याविषयी अनुकूल लेख लिहिला. १९३२ मध्ये त्याच्या हयातीतच निझ्नी नोवगोरोदचे नाव ‘गॉर्की’ झाले, मॉस्कोतला प्रमुख रस्ता ‘गॉर्की रस्ता’ झाला. राहायला रियाबुशिन्स्की या क्रांतिपूर्व धनिकाचा देखणा वाडा मिळाला. १९३४ मध्ये तो सोव्हिएत लेखक संघाचा प्रमुख झाला, आणि त्याच वर्षी कैद्यांच्या श्रमातून खोदलेल्या श्वेत समुद्र कालव्याचा गौरव करणाऱ्या ग्रंथावर संपादक म्हणून त्याचे नाव आले. कणीक मळताना ज्याने हाल सोसले, त्याला कालवा खोदणाऱ्यांचे हाल दिसले नसतील का? मला वाटते, दिसले असावेत. म्हणूनच हे चरित्र वाचताना मी दरवेळी या टप्प्यावर अडखळतो. १८ जून १९३६ रोजी तो वारला आणि त्याच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या.

अण्णा भाऊंचे उत्तरायुष्य यापुढे ठेवून पाहा. ‘फकिरा’ १९५९ ची. कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांची तिला प्रस्तावना. १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार, १९६३ मध्ये चित्रपट. एकूण पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, त्यांपैकी सात पडद्यावर आल्या. राहणे मात्र घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत, आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात अखेर झाली ती हलाखीत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे कधीच आले नाही. १९७४ मध्ये ते संमेलन आमच्या गावी भरले, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते; त्याविषयी गावातली जुनी माणसे आजही रंगून बोलतात. अण्णा भाऊंना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले २००२ मध्ये, चार रुपयांचे.

राज्यसत्तेने एकाला जिवंतपणी शहर दिले, दुसऱ्याला मेल्यावर तिकीट. मग ‘महाराष्ट्राचा गॉर्की’ म्हणताना आपण नेमके कोणाशी नाते सांगतो?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अण्णा भाऊही १९६१ मध्ये पाहुणे म्हणून सोव्हिएत देशात गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहून भारावून परतले. त्यांनीही दाखवले तेवढेच पाहिले, असे म्हणता येईल. होय, म्हणता येईल. ते प्रवासवर्णन मी त्या सावधपणानेच वाचतो. ज्या स्टालिनग्राडचा त्यांनी पोवाडा गायला, त्या शहराचे नावच त्या वर्षाच्या अखेरीस पुसले जाऊन व्होल्गोग्राद झाले, हा योगायोगही मला अस्वस्थ करतो. तरीही दोन पाहुण्यांना मी एका मापाने मोजणार नाही. गॉर्कीच्या शब्दावर छावणीची अब्रू ठरत होती. चिरागनगरातून आलेल्या माणसाच्या हाती कोणाचीही सुटका नव्हती आणि कोणाची कैदही नव्हती.

आणि समजा, चरित्रे बाजूला ठेवली, केवळ साहित्य पाहिले. तिथेही ही उपाधी वाचकाची दिशाभूल करते. गॉर्कीचे गाजलेले सुरुवातीचे नायक भटके आहेत, चेल्काश घ्या. गाव त्यांनी सोडले आहे, मुळे तोडली आहेत. शेतकऱ्याविषयी गॉर्कीच्या मनात खोल अविश्वास होता. १९२२ मध्ये बर्लिनमध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तिकेत तो कठोरपणे उमटला आहे. अण्णा भाऊंचा फकिरा याच्या अगदी उलट. त्याची कथा सुरू होते ती जोगणीवरून. शिगावची जोगणी आपल्या गावात आणली की जत्रेचा मान आपला, आणि त्या मानापायी फकिराचा बाप राणोजी प्राण गमावतो. म्हणजे हा नायक गावाच्या शिवेसाठी मरणाऱ्याचा मुलगा आहे. दुष्काळात तो सरकारी खजिना लुटतो तो उपाशी वस्तीसाठी. दिवसातून कितीदा तरी हजेरी द्यायला लावणारा इंग्रजी कायदा त्याच्यासमोर उभा आहे आणि विष्णुपंत कुलकर्णी त्याच्या पाठीशी. ही गुंतागुंत जातीची आहे, वारणाकाठची आहे. गॉर्कीच्या पुस्तकांत तिची किल्ली सापडणार नाही. ती शोधायची तर पोवाड्यात, वगात, लोकनाट्यात शोधावी लागेल. आणि कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे, तिथेही.

शहरी कथांतही तेच. ‘स्मशानातील सोनं’ मधला भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीत काम करतो. खाण बंद पडते. मग तो रात्री प्रेते उकरून त्यांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात, तुटतात. आणि बोटे गेल्यावर बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली. गॉर्कीच्या तळातल्या माणसांशी याची तुलना होते खरी, पण भीमाही वारणाकाठचाच, बायको-मुलीचा विचार करणारा. मंदीत माग बंद पडले की आमच्या गल्लीत पहिला प्रश्न ‘आता गावाकडे जायचे का’ हाच असतो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या शहरात पोटासाठी आलेल्या माणसाने गाव कधी पुरते सोडलेच नाही. पाठीमागे मागाचा खडखडाट सुरू असताना मी ही कथा पहिल्यांदा वाचली आणि रशिया मला एकदाही आठवला नाही.

१९९० मध्ये गॉर्की शहराला निझ्नी नोवगोरोद हे जुने नाव परत मिळाले, मॉस्कोतला रस्ताही पुन्हा त्वेरस्काया झाला. तिथल्या लोकांनी आपल्या गॉर्कीचा हिशेब नव्याने मांडला. आपण मात्र त्याची जुनीच पाटी दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून मोकळे झालो आहोत.

येत्या १ ऑगस्टच्या फलकाचा मजकूर ठरवायला आमच्या तालमीत बैठक होईल. मी उपाधीच्या जागी ‘फकिरा, १९५९’ एवढेच छापावे असे सुचवणार आहे. गेल्या वर्षी माझी सूचना हसण्यावारी नेली होती. यंदा बैठकीला पुस्तकाच्या चार प्रती घेऊन जातोय.