शब्द बारका, फटका मोठा

मंडळी, सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. पोरं शब्द पाठ करतात. पण अडतात ती बारक्या शब्दांपाशी. आपला ‘पर्यंत’ एकच; इंग्रजीत ‘बाय’ वेगळा, ‘टिल’ वेगळा. ‘बाय ३० जून’ म्हणजे त्या तारखेपर्यंत काम एकदाचे उरका. ‘टिल ३० जून’ म्हणजे तोवर ते चालूच ठेवा. कर्जाच्या कागदावर ही गल्लत महागात पडते. तसेच ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, तर ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. नोकरीच्या अर्जात ‘हार्डली’ काम केले असे लिहिले, की कष्टाळू पोरगा कामचुकार ठरलाच! तेव्हा गुरुजी, नुसते नियम घोकून घेऊ नका. अर्ज, पावत्या, नोटिसा वर्गात वाचून घ्या. आणि पालकहो, घरी आलेला इंग्रजी कागद पोरांपुढे ठेवा.