डबा विकू नका, कोरडं छत विका

धाराशिवचा उन्हाळा सरत आला की एकच चौकशी सुरू होते, "गच्ची गळते, काय लावू?" उमरगा-लोहारा भागात तर १९९३ च्या भूकंपानंतर बांधलेल्या घरांनीही आता तिशी गाठलीय. म्हणजे काम आहे. पण वॉटरप्रूफिंगच्या धंद्यात नवे उतरलेले इथंच चुकतात. ते डबा विकतात.

माझं स्पष्ट मत आहे, पैसे तयारीचे घ्या. धूळ-शेवाळ घासून काढा, भेगा रुंद करून पॉलिमर मॉर्टरने भरा, गच्ची आणि कठड्याच्या सांध्यात गोलाई द्या. मगच दोन हात मारा, तेही सकाळी. दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोट नीट धरत नाही.

हिशेब साधा आहे. १००० चौरस फुटांना दोन हात म्हणजे २००० चौरस फुटांचा माल. वाचवायला पातळ केलात, तर पहिल्या पावसात नाव गेलंच म्हणून समजा.

कोट पूर्ण वाळला की ४८ तास पाणी साठवून दाखवा. एवढ्या गच्चीवर एक इंच पाण्याला साधारण २३६० लिटर लागतात. टंचाईत ते कुठून आणणार? टँकरचा खर्च कोटेशनमध्येच धरा. महाग वाटेल, पण शेजारी तुमचाच नंबर मागेल.