कर्ज थकले म्हणजे गुन्हा घडला काय?



सोनईसारख्या बाजारपेठेच्या गावी कर्ज मिळणे आज अवघड राहिलेले नाही. पतसंस्था आहेत, महिलांच्या गटास आठवड्याच्या हप्त्याने पैसे देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि शेकडा पाच-दहा दरमहा घेणारा सावकारही गेलेला नाही. अवघड आहे ते पुढेच. कारखान्याचा हंगाम आटोपतो, मजुरी थांबते, घरात दुखणे येते आणि हप्ता चुकतो. मग वसुलीचा माणूस दारात बसून ‘पोलिसांत देतो’ म्हणतो. आणि आपली माउली चार लोकांत शोभा होऊ नये म्हणून भांडीकुंडी विकते, अथवा दुसरे कर्ज काढून पहिले भागविते.

ही धमकी पोकळ आहे. खरोखरच्या अडचणीमुळे कर्ज फेडता न येणे हा दिवाणी मामला आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. 1875 साली सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला व तो आपल्या नगर जिल्ह्यातही पसरला. त्यानंतर 1879 च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर येथील शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्यापायी कैद करणे बंद झाले. आज हे संरक्षण त्याहून व्यापक आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही स्त्रीस अटक करता येत नाही. पुरुषाच्या बाबतीतही, ऐपत असून तो टाळतो आहे असे दाखवावे लागते. केवळ दारिद्र्यामुळे कोणास तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये दिला. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांवर जप्ती येत नाही. मग ती भांडी आपण आपल्याच हातांनी का विकावीत?

याचा अर्थ कर्ज बुडाले असा मात्र कोणी करू नये. देणे उभेच राहते, जामीनदारही बांधलेला असतो. आणि एक सावधगिरी अवश्य बाळगा: कोरा धनादेश सही करून कोणाच्या हाती देऊ नका. तो न वटला तर तेथे मात्र फौजदारी खटला होऊ शकतो.

गटाच्या कर्जाविषयी रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये नियम घातले आहेत. अशा कर्जास तारण घेता येत नाही. वसुलीसाठी शिवीगाळ करणे, सकाळी नऊपूर्वी वा सायंकाळी सहानंतर फोन करणे, नातलगांना त्रास देणे यांस मनाई आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागावी. सावकाराची गोष्ट निराळी. त्यास आधी परवाना विचारावा. 2014 च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देत नाही. सावकारीच्या व्यवहारात पंधरा वर्षांच्या आत जमीन लिहून घेतली गेली असेल, तर ती परत मिळविण्याचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो.

वकिलास पैसे कोठून आणावे, हा प्रश्न आपण विचाराल. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांस व अनुसूचित जातींच्या व्यक्तींस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आणि 1990 पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. नेवासे न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. जाताना कर्जाचे पुस्तक व भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या बरोबर न्याव्यात. पावती मिळाली नसेल, तर पुढचा हप्ता देण्यापूर्वी ती मागून घ्यावी.