धुराचे माप गावाच्या हाती द्या



कापसावर बसलेली कोळशाची काजळी दिसते. धुराड्यातून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड दिसत नाही. उन्हात त्याच्यापासून ओझोन तयार होतो, तो पानात शिरून पऱ्हाटीची वाढ खुंटवतो. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे. पण राज्यात हवा मोजणारी यंत्रे बहुतेक शहरांत.

हे माप स्वस्तात घेता येते. जस्ताच्या ऑक्साइडवर वायू बसला की त्यातून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा बदलतो, हे जपानी संशोधकांनी १९६२ सालीच दाखवले. मात्र ते शेकडो अंश तापवावे लागे, त्यात वीज जाई. आता त्याच्या अतिसूक्ष्म कणांवर लहानशा दिव्याचा अतिनील प्रकाश टाकला की नेहमीच्या तापमानालाही काम होते.

पण हवेतली ओल या यंत्राला चकवते. प्रयोगशाळेच्या कोरड्या हवेतला आकडा आम्हाला नको. भर श्रावणात, बांधावर, प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून तपासा. आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. भरपाई मागितली की ‘पुरावा काय?’ असे विचारणारे साहेब आम्हाला चांगले ठाऊक आहेत.