नकाशा नंतर, आधी पाणंद

कोकणात घर बांधायचं ठरलं की पहिला फोन आर्किटेक्टला जातो. पडवी केवढी, छपराला कौलं की पत्रा, यावर घरात वाद रंगतात. सातबारा एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, आणि त्यातलं वाचलेलं असतं फक्त क्षेत्र.

वाचायचा असतो तो 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना. तिथे 'कलम 43 ला पात्र' असा शेरा दिसला, तर ती कुळकायद्याने कुळाला मिळालेली जमीन. तिची विक्री कायद्याच्या अटी पुऱ्या केल्याशिवाय होत नाही. मग भोगवटादारांची नावं मोजा. सामाईक जमिनीला वीस-पंचवीस नावं सहज निघतात. निम्मी मुंबईला, काही कधीच वारलेली, वारसनोंद न झालेली. 'सगळे आमचेच, सह्या देतील' हे ऐकलं की मी तरी चहा संपवून उठतो. शिवाय तुम्ही स्वतः शेतकरी नसाल, तर 1948च्या कुळकायद्याचं कलम 63 आहेच. परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि समुद्र दिसणारी जागा म्हणाल, तर भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे, नियम लागतात.

पण माझ्या मते कागदाइतकाच घात करते ती वाट. एजंट 'गाडीरस्ता' म्हणतो, आणि प्रत्यक्षात दोन गडग्यांमधली पाणंद निघते. चिऱ्यांचा डंपर तोंडाशीच अडतो, आणि तिथून पुढे चिरा न् चिरा डोक्यावरून वाहायचा. शेजारी सुरुवातीला 'जा की आमच्या कलमांतून' म्हणतो; ती तोंडी वाट पहिल्या भांडणापर्यंत टिकते. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143खाली बांधावरून वाट मागता येते, पण तिथे बघतात ती शेतकऱ्याच्या शेतात जाण्याची गरज, तुमच्या बंगल्याची नव्हे.

वेळापत्रकही आधीच बघायचं. जून ते सप्टेंबर पावसाचे. पाया दिवाळीनंतर घेतला तरी शिमग्याला गडी गावी जाणार, हे धरूनच चालायचं.

जागा बघायला पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा कोकणातली प्रत्येक विहीर तुडुंब असते. मे महिन्यात जा, पोहरा सोडून बघा. आणि विसार देण्याआधी मोजणी करून मागा. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात जमीनमालकालाच करावा लागतो. तो त्याला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.